सुईऐवजी प्रकाश: लेझर शरीराचे काठ कसे सांधतो

खरवस करताना कधी मध्येच झाकण काढून पाहिलंय? गूळ, वेलची, जायफळ घातलेला चीक आत ठेवताना दुधासारखाच डुचमळत असतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग कडेकडून तो जड व्हायला लागतो, आणि थोड्या वेळानं भांडं तिरकं केलं तरी जागचा हलत नाही. घट्ट करणारं काही आपण त्यात घातलेलं नसतं. चिकातच भरपूर प्रथिनं असतात. उष्णतेनं त्यांच्या गुंडाळ्या सुटतात, सुटलेली टोकं शेजारच्यांत अडकतात आणि सगळ्या भांड्याचं मिळून एकच जाळं तयार होतं. आच जास्त झाली की त्याच खरवसाला भोकं पडतात, पाणी सुटतं आणि वडी पाडायला गेलं की तुकडे होतात.

शस्त्रक्रियेत लेझरने ऊती सांधण्याची सगळी कल्पना या एका गोष्टीवर उभी आहे. ऊती म्हणजे कातडी, रक्तवाहिनी, आतडं, डोळ्याचा पडदा, ज्याला आपण सैलपणे ‘मांस’ म्हणतो ते सगळं. त्यातही प्रथिनंच असतात. दोन कापलेले काठ एकमेकांना भिडवले आणि तिथल्या प्रथिनांना नेमकी हवी तेवढी उष्णता दिली, तर ती एकमेकांत गुंततात आणि काठ चिकटतात. सुई लागत नाही, दोरा लागत नाही. यातला कठीण शब्द आहे ‘नेमकी’. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगभरातले शास्त्रज्ञ आणि सर्जन त्या एका शब्दाशी झगडत आहेत.

आधी टाक्यांबद्दल बोलायला हवं, कारण टाका ही काही टाकाऊ गोष्ट नाही. सुश्रुतसंहितेत आतड्याला पडलेलं भोक मिटवण्यासाठी काळ्या मुंग्यांचा उपयोग सांगितला आहे: काठ जुळवायचे, मुंगीला चावू द्यायचं आणि तिचं डोकं तिथंच ठेवून धड काढून टाकायचं. म्हणजे काठ जुळवून धरणं ही माणसाची फार जुनी गरज आहे. रक्तवाहिनी शिवायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्यों शहरात सुरीहल्ला झाला, यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि ते वाचले नाहीत. अशी शीर शिवायची खात्रीची रीत तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. त्याच शहरात वैद्यकी शिकणाऱ्या अलेक्सी कारेलच्या मनाला हे लागलं. तो चक्क भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन बारीक सुईचं काम शिकला आणि १९०२ मध्ये त्यानं रक्तवाहिन्या टोकाला टोक लावून शिवायची पद्धत मांडली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आजही सर्जन त्याच वाटेनं जातात.

पण टाक्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. सुई प्रत्येक टाक्यागणिक दोन नवी भोकं पाडते. दोन टाक्यांमध्ये फट राहते, आणि तिथून रक्त, लघवी किंवा आतड्यातला मळ झिरपू शकतो. दोरा शरीराला परका असतो, त्याच्याभोवती सूज येते. एक मिलिमीटरच्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली आठ-दहा टाके घालणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

माझ्या मावशीच्या डोळ्यात कलम केलेला कॉर्निया बसवला होता. कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच. ती नाण्यापेक्षाही लहान गोल चकती केसाहून बारीक नायलॉनच्या सोळा टाक्यांनी गोलाकार शिवलेली होती. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो फार सावकाश भरतो आणि टाके महिनोन् महिने ठेवावे लागतात. एक टाका जरा जास्त ओढला गेला की काच तिथं ताणली जाते आणि तिरपा नंबर येतो. मावशीचा एक टाका सात-आठ महिन्यांनी सैल झाला. “डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतंय गं,” एवढंच ती म्हणत राहिली, आणि दोन दिवस तो डोळा उघडू शकली नाही. डॉक्टरांनी तो टाका काढला तेव्हा चिमट्याच्या टोकावर काय आहे ते मला दिसलंसुद्धा नाही. तेव्हापासून या विषयात माझा जीव गुंतला आहे.

आता उष्णतेकडे. आपल्या ऊतींना ताकद देणारं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. तीन पदरांची घट्ट वळलेली दोरी, आणि अशा असंख्य दोऱ्यांच्या जुड्या. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी जेलीसारखं थरथरतं, ते या कोलॅजनमुळेच: शिजताना दोरीचे पीळ सुटतात आणि गार होताना सुटे पदर जसे जमेल तसे एकमेकांत गुंततात. मटण शिजताना आक्रसतं, त्यामागेही हीच दोरी असते. कोलॅजनचे पीळ साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला सुटायला लागतात. जोडायच्या दोन काठांवर हे एकाच वेळी घडलं, तर इकडचे सुटे पदर तिकडच्यांत शिरतात आणि गार झाल्यावर तिथंच अडकून बसतात. हा झाला जोड.

त्याच्या खाली आणि वर काय होतं? पन्नास अंशांच्या आसपास पेशींमधली विकरं बंद पडू लागतात, पण काठ काही चिकटत नाहीत. ऐंशीच्या पुढे गेलात की प्रथिनं पार गोठतात, पेशी मरतात, जोड कडक आणि ठिसूळ होतो. शंभरला पाणी उकळतं आणि ऊती फाटतात. त्याच्याही वर कोळसा. लेझरने कापणं म्हणजे मुद्दाम या शेवटच्या टप्प्यावर जाणं. जोडणं म्हणजे साठ-सत्तरच्या अरुंद पट्टीत थांबणं. यंत्र तेच, प्रकाश तोच. मधला फरक तीस-चाळीस अंशांचा, आणि तो सेकंदाच्या आत ओलांडला जाऊ शकतो.

मग तव्यावर तापवलेल्या सळईनं का नको? कारण सळई वरून भाजते आणि आतलं कच्चं राहतं. प्रकाशाची गंमत अशी की तो कुठे शोषला जाणार हे रंगावर, म्हणजे तरंगलांबीवर ठरतं. कार्बन डायऑक्साइड लेझरचा अदृश्य प्रकाश, १०,६०० नॅनोमीटरचा, पाण्यात लगेच शोषला जातो. आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच असल्यामुळे तो पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच संपतो. (या लेझरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनियरिंगचं शिक्षण पुण्याचं. हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं, म्हणून सांगावंसं वाटलं.) हिरवा प्रकाश रक्तातल्या हिमोग्लोबिनला सापडतो. आठशे नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश मात्र पाणीही फारसा अडवत नाही आणि रक्तही नाही, त्यामुळे तो खोलवर जातो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळी मदार त्याच्यावर आहे.

पहिला लेझर पेटला १९६० मध्ये. रक्तवाहिन्या त्यानं जोडता येतील का, हे पाहायचे प्रयत्न साठच्या दशकातच झाले. पण ज्या कामानं सगळ्यांचं लक्ष वेधलं ते १९७९ चं. न्यूरोसर्जन के. के. जैन आणि त्यांचे सहकारी गोरिश यांनी निओडिमियम-याग लेझरने उंदरांच्या बारीक रक्तवाहिन्या सांधून दाखवल्या. पुढची दहा वर्षं हा विषय जोरात होता. रक्तवाहिन्या, नसा, शुक्रवाहिन्या, कातडी, जे मिळेल ते लोकांनी जोडून पाहिलं. आणि अडचणीही तेव्हाच दिसल्या. सर्जन डोळ्यांनी बघून ठरवत असे: काठ जरा पांढुरका झाला, आक्रसला, की बस. एकाच्या हाताला जमलेलं दुसऱ्याच्या हाताला जमत नसे. काही जोड लगेच सुटले, तर काही रक्तवाहिन्यांच्या भिंती भाजून कमकुवत झाल्या आणि जोडाच्या जागी फुगे आले.

यावर तोड निघाली ती सोनाराच्या पेढीवर निघते तशीच. तुटलेली साखळी जोडताना सोनार साखळीचं सोनं वितळवत बसत नाही. टाकणखार लावून तो सांध्यावर एक बारीक कण ठेवतो, जो साखळीच्या सोन्यापेक्षा कमी आचेवर वितळतो. तो वितळून फटीत उतरतो, साखळी तशीच राहते. शरीरासाठी असा कण कोणता? अल्ब्युमिन. आपल्या रक्तातलं सर्वांत मुबलक प्रथिन, अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचं भावंड. त्याचा दाट द्रव काठांवर लावायचा आणि लेझरने तो शिजवायचा. तो गोठताना दोन्ही काठांना धरून ठेवतो. स्वतःच्या ऊतींना कमीत कमी झळ लागते.

त्यात आणखी एक चतुराई केली गेली. त्या द्रवात इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग मिसळला. हा रंग वैद्यकात १९५० च्या दशकापासून वापरात आहे, शिरेतून दिला तरी चालतो, आणि तो प्रकाश शोषतो नेमका आठशे नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे जो प्रकाश साध्या ऊतींमधून फारसा न अडता जातो, तोच या हिरव्या थरात अडकतो. आता निशाणा हातानं धरायची गरज उरली नाही. रंग लावला तिथंच तापतं, शेजारी नाही. मला या सगळ्या प्रवासातलं हेच पाऊल सगळ्यात सुंदर वाटतं. मुलांच्या मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाच्या शस्त्रक्रियेत असा अल्ब्युमिनचा जोड वापरून अमेरिकेत माणसांवर चाचण्याही झाल्या. तिथं शिवण पाणबंद असणं सगळ्यात महत्त्वाचं असतं.

पण जोड प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत सर्वांत नीट पोहोचला तो डोळ्यात. इटलीत फ्लॉरेन्सचे रॉबर्टो पिनी, फ्रांचेस्का रॉसी हे भौतिकशास्त्रज्ञ आणि शेजारच्या प्राटो शहरातले नेत्रशल्यविशारद लुका मेनाबुओनी यांनी ते करून दाखवलं. कसं, ते जरा जवळून पाहू. कॉर्नियाला छेद दिलेला आहे, कलमाची चकती बसवलेली आहे. छेदाच्या आतल्या भिंतींना तो हिरवा रंग लावतात आणि काही मिनिटं मुरू देतात. मग पाण्यानं धुतात. भिंतींनी जेवढा रंग पिऊन घेतला तेवढाच मागे उरतो, एक बारीक हिरवी रेघ. मग केसासारख्या तंतूतून ८१० नॅनोमीटरचा अतिशय सौम्य प्रकाश त्या रेघेवरून सावकाश फिरवत नेतात. बाकीचा कॉर्निया या प्रकाशाला काचेसारखा पारदर्शक, तो तापत नाही. हिरवी रेघ तेवढी साठ अंशांच्या आसपास जाते. त्या दोन भिंतींचं कोलॅजन एकमेकांत गुंततं. डोळा शिवणीत लगेच पाणबंद होतो, आणि टाक्यांची संख्या कमी करता येते. मावशीच्या त्या सोळा टाक्यांची आठवण मला हे वाचताना दर वेळी होते.

तापमान मोजायचं कसं, हा दुसरा मोठा प्रश्न. तेल अवीव विद्यापीठातल्या अब्राहम कात्झिर यांच्या गटानं त्यावर फार चिकाटीनं काम केलं. साध्या काचेच्या तंतूतून कार्बन डायऑक्साइड लेझरचा प्रकाश जात नाही, म्हणून त्यांनी सिल्व्हर हॅलाइडचे तंतू बनवले. एका तंतूतून लेझर जातो. दुसऱ्या तंतूतून तापलेल्या जागेनं बाहेर टाकलेली अवरक्त किरणं परत येतात. कोविडच्या दिवसांत कपाळासमोर धरत होते तो तापमापक आठवा, तत्त्व तेच. आलेल्या किरणांवरून यंत्र तापमान ओळखतं आणि लेझर आपोआप कमी-जास्त करतं. सर्जनच्या नजरेवर आणि अंदाजावर विसंबायची गरज उरली नाही. पुढे पित्ताशय काढण्याच्या दुर्बिणीतल्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरचे छोटे छेद अशा तऱ्हेनं बंद करून थोड्या रुग्णांवर पाहिलं गेलं.

पण हे तापमान असतं पृष्ठभागाचं. जोडाच्या आत काय चाललंय? झुरिकच्या ईटीएच आणि एम्पा या संस्थांमधल्या इंगे हरमन यांच्या गटानं २०२३ मध्ये यावर सुचवलेला मार्ग असा: अल्ब्युमिन-जिलेटिनच्या लेपातच दोन प्रकारचे नॅनोकण मिसळायचे. टायटॅनियम नायट्राइडचे कण प्रकाश शोषून उष्णता देतात. बिस्मथ व्हॅनाडेटचे कण तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात अवरक्त प्रकाश फेकतात, म्हणजे लेपाच्या आत बसलेले तापमापकच. त्यांच्या डोळ्यासमोर आहे आतड्याचा जोड. हा प्रश्न किती जीवघेणा आहे हे ज्यांच्या घरी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय त्यांना सांगायला नको. जोड गळला की मळ पोटाच्या पोकळीत सांडतो, जंतुसंसर्ग पसरतो, आणि सगळं चांगलं चाललेलं असताना पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस एकदम खालावतो. म्हणूनच पाणबंद जोडाचं एवढं महत्त्व.

उष्णता अजिबात न वापरणारीही एक वाट आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या वेलमन केंद्रात आयरीन कोचेव्हर आणि रॉबर्ट रेडमंड यांनी रोझ बेंगॉल हा गुलाबी रंग वापरला. डोळे कोरडे पडलेत का हे बघायला नेत्रतज्ज्ञ वापरतात तोच. काठांना तो लावून वर हिरवा प्रकाश टाकला की रंगाच्या कणांमुळे ऑक्सिजन चेतवला जातो आणि कोलॅजनच्या धाग्यांमध्ये रासायनिक गाठी बसतात. इथं काही शिजत नाही. भाजण्याचा धोकाच नसल्यामुळे नसांसारख्या नाजूक जागी याचा फार उपयोग होऊ शकेल असं मला वाटतं.

एवढं सगळं असूनही आपल्या शहरातल्या इस्पितळात टाकेच का घालतात? कारणं सरळ आहेत. लेझरचा जोड पहिल्या क्षणी पाणबंद असतो, पण ओढ सहन करण्यात टाक्यासारखा पक्का असेलच असं नाही. साध्या कातडीच्या जखमेलाही तीन आठवड्यांनी मूळच्या जेमतेम २० टक्के ताकद आलेली असते. तोवर काठ कुणीतरी धरून ठेवावे लागतात, आणि दोरा ते काम इमानेइतबारे करतो. शिवाय टाका स्वस्त आहे, वीज गेली तरी घालता येतो, आणि प्रत्येक सर्जनला येतो. घाईच्या ठिकाणी स्टेपलर आहे, डिंकासारखे गोंद आहेत, रक्तवाहिन्या चिमटीत धरून विजेच्या उष्णतेनं मिटवणारी उपकरणं आहेत. विजेच्या त्या चिमट्यांमागचं तत्त्व आपल्या खरवसाचंच, फक्त तिथं दाबाचीही जोड मिळते.

आता ‘लेझर’ हा शब्द आपल्याला जाहिरातीत आणि दवाखान्यात जिथं भेटतो, तिथं तो बहुतेक वेळा जोडण्याचं नाही, बंद करण्याचं काम करत असतो. यातलं सर्वांत जुनं आणि खात्रीचं काम डोळ्याच्या मागच्या पडद्याचं. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरांनी ग्रहण बघून डोळ्याचा पडदा भाजलेला एक विद्यार्थी तपासला. त्यांच्या मनात आलं, की असाच भाजल्याचा व्रण मुद्दाम केला तर फाटलेला पडदा मागच्या थराला चिकटवून ठेवता येईल. त्यांनी आधी इस्पितळाच्या छतावरून आरशांनी सूर्यप्रकाश आत आणला, मग झेनॉनचा दिवा वापरला. लेझर आल्यावर ते काम सोपं झालं. पडद्याला भोक पडलं तर डॉक्टर भोक बुजवत नाहीत. भोकाभोवती ठिपक्यांच्या दोन-तीन ओळी मारतात, शेतातलं पाणी अडवायला बांध घालतो तसा बांध, म्हणजे द्रव पडद्याखाली शिरत नाही. हा बांध पक्का व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात सांगितलेली पथ्यं का पाळायची, ते यावरून कळेल.

पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी लेझर करतात तेव्हा शिरेत एक तंतू सरकवतात, शिरेभोवती गार सलाइन आणि भुलीचं औषध भरतात आणि तंतू मागे ओढत शीर आतून भाजतात. तिची भिंत आक्रसून मिटते आणि काही महिन्यांत तिची दोरी होऊन जाते. शीर निकामी करणं हाच तिथं हेतू आहे. मूळव्याध, भगंदर यांच्या ‘बिनटाक्याच्या लेझर’मध्येही कोंब आतून आटवणं किंवा मार्ग मिटवणं चाललेलं असतं.

त्यामुळे ऑपरेशन लेझरनं होणार असं कुणी सांगितलं, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: लेझर इथं कापायला आहे, बंद करायला की जोडायला? आणि आत टाके असणार की नाही? बऱ्याचदा असतात. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही, कागद ओढून चित्र काढून दाखवतो.